वाचतो भरपूर, पण लिहायला बसलं की डोकं ब्लँक? मग हे करून बघा

नाशिकमधे वाचणाऱ्यांची कमी कधीच नव्हती. आपलं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे सावाना, १८४० चं आहे, देशात पहिली प्रवासी रेल्वे धावायच्या आधीपासून इथं लोक पुस्तकं बदलायला जातायत. मे महिन्यात गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीच्या काठी, वसंत व्याख्यानमालेला आजही खुर्च्या भरतात, डिसेंबर २०२१ मधे ९४वं साहित्य संमेलन झालं तेव्हा पुस्तकांच्या स्टॉलवर जी गर्दी होती ती काही नुसती सेल्फीवाल्यांची नव्हती. पण हीच सगळी मंडळी ऑनलाईन आली की काय लिहितात? "अप्रतिम." "निःशब्द." "प्रत्येकाने वाचावं असं पुस्तक." आणि खाली हात जोडलेला इमोजी.

मला विचाराल तर प्रॉब्लेम लिहिता न येण्याचा नाहीये, आपण वाचताना कुठे थांबलो तेच आपल्याला पुस्तक संपेपर्यंत आठवत नाही, हा आहे. आणि तुमचा आवाज, स्टाईल, जे काय म्हणाल ते, त्या थांबण्याच्या जागेतच असतं. एकच पुस्तक दहा जण वाचतात आणि दहा वेगळ्या ओळींवर अडकतात, तुम्ही ज्या ओळीवर अडकलात ती का, हे दुसरं कोणी सांगूच शकत नाही. खालचं सगळं त्याच्यासाठीच आहे.

आधी वाचनाची सवय थोडी बदला

पुस्तक लायब्ररीचं असेल तर त्यात पेन्सिल चालवू नका प्लीज, पुढच्याला तुमच्या रेघोट्या वाचाव्या लागतात. पाकिटात चिठ्ठ्या ठेवा, बिलाची मागची बाजू, बसचं तिकीट, काहीही चालेल. वाचताना जिथे थांबलात तिथे पान नंबर लिहायचा, ओळीतले तीन-चार शब्द लिहायचे आणि पुढे का थांबलो ते एका वाक्यात, अगदी बोलतो तसं. "हे काय पटलं नाय." "आमच्या आत्याकडे सेम हेच झालं होतं." "लेखकाला किराणा दुकान कसं चालतं माहीत नाही बहुतेक." "इथं मी हसलो पण का हसलो कळेना." बस, एवढंच. सारांश लिहायचा नाही, कथानक लिहायचं नाही, ते पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर छापलेलं असतंच.

चिठ्ठीवरचं वाक्य शुद्ध, सुंदर वगैरे करू नका. ते जितकं घाईत लिहिलेलं असेल तितकं पुढे कामाला येतं.

पुस्तक संपलं की सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरा. बहुतेक वेळा असं दिसतं की सात-आठ चिठ्ठ्यांपैकी तीन एकाच गोष्टीभोवती फिरतायत. पैसे, आई, गाव सोडणं, अपमान, जे असेल ते. दोन-चार पुस्तकांनंतर तर पॅटर्नच दिसायला लागतो, पुस्तकं वेगवेगळी पण तुम्ही थांबता त्याच ठिकाणी. तोच तुमचा विषय, आणि तो कुठल्या कोर्समधे मिळत नाही.

आता वाचायचं काय? जे आवडतं ते वाचाच, पण महिन्यातून एखादं तरी न आवडणारं किंवा आपल्या लाईनबाहेरचं उचला. फक्त कादंबऱ्या वाचणाऱ्याने एखादं जुनं आत्मचरित्र, फक्त सेल्फ हेल्प वाचणाऱ्याने कवितासंग्रह. खर्च आड येत असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या साईटवर बरीच पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात, आणि आर्काईव्ह डॉट ऑर्गवर जुन्या मराठी पुस्तकांचे स्कॅन आहेत (काही पानं तिरकी असतात, अक्षर पुसट असतं, पण खजिना आहे). कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रम इथूनच सुरू झालाय, त्याच्या पुस्तकांच्या पेट्या कुठे कुठे फिरतात, तुमच्या ओळखीत कोणाकडे पेटी आहे का विचारा.

लिहायच्या आधी बोला, खरंच बोला

ही स्टेप लोक टाळतात कारण लाज वाटते. मोबाईलचा रेकॉर्डर चालू करा, संध्याकाळी गंगापूर रोडला चालायला जाता ना, हेडफोन लावून चालता चालता बोला, कोणाला कळणारही नाही, सगळे फोनवरच बोलत असतात. एखादी चिठ्ठी घ्या आणि तो किस्सा मित्राला सांगताय असं समजून पाच मिनिटं सांगा. मित्र कोण ते पण ठरवा. मावसबहिणीला सांगताना वेगळं बोलाल आणि कंपनीतल्या सिनिअरला वेगळं.

घरी आल्यावर ऐका. दोन गोष्टी कळतील. एक म्हणजे कुठे तुम्ही रंगात येऊन बोललात, आवाज चढला, शब्द पटपट आले. आणि दुसरं म्हणजे कुठे अचानक शाळेतला निबंध चालू झाला, "वाचनामुळे माणूस समृद्ध होतो" टाईप. पहिला भाग ठेवायचा, दुसरा कापायचा, कापताना वाईट वाटून घ्यायचं नाही.

ज्यांना टायपिंगचा कंटाळा आहे त्यांनी जीबोर्डवर, म्हणजे गुगलच्या मोबाईल कीबोर्डवर, मराठी व्हॉइस टायपिंग वापरा. बऱ्यापैकी चालतं. विरामचिन्हं ते देत नाही, माणसांची आणि गावांची नावं मजेशीर करून ठेवतं, त्यामुळे नंतर एकदा हात फिरवावाच लागतो. पण कच्चा माल तुमच्या बोलण्यातला मिळतो, आणि आपल्याला तोच हवाय.

आता एक नमुना बघू

माझ्या ओळखीत दिंडोरी तालुक्यातला एक मुलगा आहे, घरची द्राक्षबाग, हा सिटीत नोकरीला. वाचतो जबरदस्त. त्याने पावसावरच्या एका कवितासंग्रहावर लिहिलेली पोस्ट टाकायच्या आधी मला पाठवली. ती अशी होती:

"पाऊस ही निसर्गाची अनमोल देणगी आहे. या संग्रहात कवीने पावसाचे अत्यंत हृदयस्पर्शी वर्णन केले आहे. प्रत्येक कविता मनाला भिडते. रसिकांनी हा संग्रह जरूर वाचावा."

यात चुकीचं काहीच नाही आणि त्याचंही काहीच नाही, ही पोस्ट कोणीही लिहू शकलं असतं, पुस्तक न वाचता सुद्धा. मी त्याला एवढंच विचारलं, की बाबा तू थांबलास कुठे? तर म्हणे एका कवितेत अवेळी आलेल्या पावसाचं लय कौतुक आहे आणि मला राग आला. राग का आला, तर पुढे तो जे बोलला ते जवळजवळ तसंच त्याला लिहायला लावलं:

"ऑक्टोबरात ढग आले की आमच्याकडे कोणी कविता म्हणत नाही. पप्पा उठून आधी ट्रॅक्टरात डिझेल किती आहे ते बघतात. छाटणी झालेली असते, पोपटी फुटवे निघालेले असतात, त्यावर रात्रभर पाणी बसलं की डावणी आलीच म्हणून समजा. मग उजाडायच्या आत ब्लोअर जोडायचा आणि फवारणीला लागायचं, मधेच परत पाऊस आला तर औषध धुतलं, परत मारा. या कवितेतला माणूस खिडकीत उभा राहून पाऊस बघतो. आमच्याही घराला त्या बाजूला खिडकी आहे, तिच्यासमोर औषधांचे खोके रचलेत. कविता चांगलीच आहे. मी ती तीनदा वाचली. पण पप्पांना वाचून दाखवली नाही."

फरक बघा. दुसऱ्यामधे एकही अवघड शब्द नाही. कवीला शिव्या नाहीत, उलट कविता चांगली आहे हे तो मान्य करतो आणि तरी त्याचं म्हणणं सोडत नाही. डावणी म्हणजे काय हे त्याने समजावून सांगितलं नाही, वाक्यातूनच कळतं की काहीतरी रोग आहे. ज्याला माहीत आहे त्याला तर पहिल्या ओळीतच कळलं की हा आपला माणूस आहे.

मग हे स्वतःच्या लिखाणावर कसं करायचं? पहिला ड्राफ्ट लिहून झाला की प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा, हे वाक्य माझ्याशिवाय अजून कोणी लिहिलं असतं का? उत्तर "हो, कोणीही" असेल तर वाक्य उडवा किंवा त्यात तुमच्या घरातली, कामावरची, गल्लीतली एक वस्तू आणा. सगळीच वाक्यं तशी होणार नाहीत आणि व्हायचीही गरज नाही, पण पोस्टमधे तीन-चार तरी हवीत.

उसनी स्टाईल कशी ओळखायची

आवडता लेखक डोक्यात बसला की आपण त्याच्यासारखं लिहायला लागतो, हे सगळ्यांचं होतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. उलट मी तर सांगेन की आवडत्या लेखकाचं एखादं पान हाताने वहीत उतरवून काढा. पोस्ट करायला नाही, फक्त हाताला कळायला. वाक्य किती लांब आहे, क्रियापद कुठे येतंय, संवाद कुठे तोडलाय, नुसतं वाचून हे दिसत नाही, लिहिताना दिसतं. मग दुसऱ्या अगदी वेगळ्या लेखकाचं एक पान उतरवा. एकाचाच नाद लागला तर नक्कल होते, चार-पाच जणांचा लागला की ते आपापसात मिसळून जातात.

पण पोस्ट टाकायच्या आधी मोठ्याने वाचायची. ज्या शब्दाला तुमची जीभ अडखळते, जो शब्द तुम्ही जेवताना घरच्यांसमोर कधीच वापरला नाही, तो बदला. "गोदावरीच्या पवित्र तीरावर सायंकाळच्या समयी" हे तुम्ही कधी बोललायत का? आपण म्हणतो "संध्याकाळी गंगेवर गेलो होतो". मग तसंच लिहा ना. याचा अर्थ सगळं बोलीतच लिहायचं असा नाही, काही जण बोलतातच जरा जड, मास्तरासारखं, आणि ते त्यांना शोभतं. तुम्ही तसे असाल तर तसं लिहा. जबरदस्तीने "भावांनो" आणि "राव" घुसडणं ही पण नक्कलच.

व्याख्यानमालेला जाता तेव्हा एक गोष्ट बघून ठेवा. तिथं उघड्यावर, पटांगणात, कोणाला उठून जायला काहीच अडचण नसते. वक्ता आभार, प्रस्तावना, महती यात रमला की मागच्या रांगा हलायला लागतात, आणि एखादा थेट किस्स्यापासून सुरू झाला की भेळ खायला निघालेला माणूस पण थांबतो. स्क्रोल करणारा वाचक त्या मागच्या रांगेतला आहे.

पुस्तक सोडून कशावर लिहायचं

सुरुवात पुस्तकावरच्या प्रतिक्रियेपासून करा, पण काही महिन्यांनी तिथेच अडकू नका. चिठ्ठ्यांमधून जो पॅटर्न दिसला तो घेऊन आजूबाजूला बघा. जुन्या नाशकात रंगपंचमीला रहाडी उघडतात, पेशवेकाळापासूनचे हौद, वर्षभर लाकडं आणि माती टाकून बंद, त्यावरून आपण रोज गाड्या नेतो आणि त्या एका दिवशी त्यात धप्पा, म्हणजे उडी, मारतात. यावर दरवर्षी बातम्या येतात, पण ज्याच्या घरासमोर रहाड आहे त्याने, दुसऱ्या दिवशी ओटा धुताना काय होतं, घरात कोणाला हौस आणि कोणाला वैताग, हे लिहिलेलं मी फार कमी वाचलंय. अंबडला शिफ्टमधे काम करणारा, बुधवारच्या बाजारात भाजी विकणारी, मुक्त विद्यापीठातून पस्तिशीत पदवी घेणारी गृहिणी, यांच्याकडे जे आहे ते पुस्तकात शोधून मिळणार नाही.

एक पथ्य मात्र पाळा, घरच्यांबद्दल लिहिताना आधी त्यांना दाखवा. नवऱ्याची नोकरी, सासूचं आजारपण, भावाचं कर्ज, हे तुमच्या एकट्याचं नसतं. कंपनीचं नाव टाळा. आणि उघड नावाने लिहायची अडचण असेल तर टोपणनाव घ्या, त्यात काही कमीपणा नाही, शिरवाडकरांनी नाटकं स्वतःच्या नावाने लिहिली आणि कविता कुसुमाग्रज म्हणून. फक्त एकदा घेतलेलं टोपणनाव सारखं बदलू नका, लोकांना ओळख पटायला वेळ लागतो.

टाईप करणं, पटकन सांगतो

युनिकोडमधेच लिहा, ते कुठल्याही फोनवर-कॉम्प्युटरवर मराठीच दिसतं. अजूनही डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधलं मॅटर आणून फेसबुकवर पेस्ट करणारे भेटतात आणि मग स्क्रीनवर कंस, स्वल्पविराम आणि इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. तसं जुनं मॅटर असेल तर कन्व्हर्टर मिळतात, त्यातून काढून घ्या आणि एकदा तपासा. मोबाईलवर जीबोर्ड पुरतो. कॉम्प्युटरवर जास्त लिहिणार असाल तर इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिका, सुरुवातीला बोटं रडतात पण नंतर सुसाट. 'करणाऱ्या' मधला ऱ्य नीट येतोय का बघा, 'करणार्या' झालं की वाचणारा ठेचकाळतो. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे दाबलं की तो ऱ मिळतो. शब्दाबद्दल शंका आली तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश ऑनलाईन आहे, १८५७ च्या आवृत्तीचा, आणि संदर्भ तपासायला मराठी विश्वकोश फुकट उघडा आहे.

कुठे टाकायचं

सगळीकडे एकदम उडी मारू नका. एक जागा निवडा. फेसबुकवर मराठीत लांब वाचणारे लोक अजून आहेत, तिथे पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात आणि बाकी दाबल्यावर उघडतं, त्यामुळे सुरुवात "नमस्कार मित्रांनो, आज बऱ्याच दिवसांनी" अशी केलीत तर मामला तिथेच खलास. इन्स्टावर कॅप्शन २२०० अक्षरांपर्यंतच जातं आणि त्यातल्या लिंकवर क्लिक होत नाही, तिथे छोटं आणि एका फोटोभोवतीचं चालतं. स्वतःचा ब्लॉग वाचायला कमी लोक येतात, पण शोधून दोन वर्षांनीही कोणी येऊ शकतं, बाकी ठिकाणी पोस्ट आठवड्यात गाडली जाते. मी म्हणेन फेसबुकवर टाका आणि तेच ब्लॉगवर साठवा.

व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं असेल तर खाली नाव लिहाच. नाहीतर चार दिवसांनी तुमचंच लिखाण "कवी अज्ञात" म्हणून तुमच्याच मामांकडून परत येतं.

किती वेळाने टाकायचं? जमेल तेवढं, पण वार ठरवा. रविवारी सकाळी तर रविवारी सकाळी. रोज टाकायच्या नादात वाचन बंद पडतं आणि मग सांगायलाच काही उरत नाही, असे दोन-तीन चांगले लिहिणारे हात माझ्या डोळ्यासमोर कोरडे पडलेत.

दुसऱ्याचं लिखाण वापरताना

हे जरा नीट वाचा, कारण दर २७ फेब्रुवारीला आपल्याकडे हा घोळ होतोच. कुसुमाग्रजांची जयंती, मराठी भाषा गौरव दिन, आणि सगळीकडे पूर्णच्या पूर्ण कविता टाईप करून टाकल्या जातात. आपल्या कायद्यात लेखक गेल्यानंतर ६० वर्षं त्याच्या लिखाणावर कॉपीराइट असतो, ती ६० वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. कुसुमाग्रज १९९९ मधे गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत हक्क शाबूत. साने गुरुजी १९५० मधे गेले, त्यांचं लिखाण २०११ पासून मोकळं झालंय. समीक्षेसाठी, चर्चेसाठी चार-दोन ओळी घेऊन, कवीचं आणि पुस्तकाचं नाव देऊन त्यावर बोलायला कायद्यात मुभा आहे. आणि खरं सांगू का, लिखाणासाठी पण तेच बरं आहे. दोन ओळी त्यांच्या आणि वीस ओळी तुमच्या असल्या की वाचणारा तुमच्यासाठी थांबतो.

दुसरी भानगड म्हणजे भलत्याच्या नावावर खपवलेल्या कविता. फॉरवर्डमधे मोठ्या कवीचं नाव आहे म्हणजे कविता त्यांचीच असं अजिबात समजू नका. कुठल्या संग्रहात आहे, कितवं पान, हे सापडलं तरच वापरा. सावानात जाऊन संग्रह उघडून बघायला अर्धा तास लागतो, जा आणि बघा. नाही सापडलं तर सोडून द्या ती ओळ.

कमेंट आल्यावर

सुरुवातीला येणारच नाहीत, किंवा आत्याचा अंगठा येईल. चालायचंच. पण एखादा अनोळखी माणूस दोन ओळींपेक्षा जास्त लिहितो ना, त्याला वेळ काढून उत्तर द्या, त्याच्याही वाचनाबद्दल विचारा, पुढचा विषय बऱ्याचदा तिथेच मिळतो. चूक दाखवली तर दुरुस्त करा आणि खाली लिहा की दुरुस्त केलंय. जातीवर, बायकांवर, आईबापांवर घसरणाऱ्याशी वाद घालू नका, ब्लॉक करा, खुलासा द्यायची गरज नाही. मुली आणि बायका लिहायला लागल्या की इनबॉक्समधे जे सुरू होतं ते वेगळंच, तिथे स्क्रीनशॉट काढून ठेवायचे आणि प्रकरण धमकीपर्यंत गेलं तर सायबर पोलिसांकडे जायचं, "जाऊ दे" करायचं नाही.

कोणते शब्द लोकांना आवडतात ते बघून तसंच लिहायचा मोह पण होतो. एक पोस्ट रडवणारी निघाली, पाचशे लाईक आले, की पुढच्या दहा पोस्टमधे कोणी ना कोणी मरतंच. हे ओळखा आणि परत चिठ्ठ्यांकडे जा.

आणि हे आधीच करून ठेवा

तुमची मूळ प्रत तुमच्याकडे ठेवा. गुगल डॉक असो नाहीतर साधी नोट्सची फाईल, प्रत्येक पोस्ट तारखेसकट तिथे आधी, बाकी सगळीकडे नंतर. फेसबुकमधून तुमचा सगळा डेटा उतरवून घ्यायची सोय सेटिंगमधे आहे, ब्लॉग गुगलच्या ब्लॉगरवर असेल तर तो गुगल टेकआउटमधून निघतो, वर्षातून एकदा दिवाळीच्या साफसफाईत तेही करून टाका. उद्या अकाउंट हॅक झालं किंवा कोणी तुमचं लिखाण स्वतःच्या नावावर लावलं तर ही तारीखवार फाईल आणि मूळ पोस्टची लिंक हाच पुरावा. चोराला आधी साधा मेसेज करा, नाव घाला किंवा काढा म्हणून, पुष्कळ जण घाबरून काढतात. नाही काढलं तर त्याच साईटवर कॉपीराइटची तक्रार करायचा फॉर्म असतो, तो भरा, आणि फॉर्ममधे मूळ लिंक टाकायला विसरू नका.